दोनदा पसंती मिळूनही डावललेलं डिझाईन ९० वर्षांनी अमेरिकेच्या क्वार्टरवर आलं, लॉरा फ्रेझर यांची गोष्ट

अमेरिकेत राहणारा तुमचा कुणी मित्र असेल, तर त्याला खिशातली सुट्टी नाणी बाहेर काढायला सांगा. त्यात एखादं तरी क्वार्टर निघेल. क्वार्टर म्हणजे पाव डॉलर, २५ सेंट्सचं नाणं. पार्किंगच्या मीटरमध्ये हेच टाकायचं, लाँड्रीतल्या वॉशिंग मशीनमध्येही हेच. अमेरिकन माणसाच्या हाताला रोज लागणारं नाणं कोणतं, तर हे.

या नाण्याच्या दर्शनी बाजूवर १९३२ पासून २०२५ पर्यंत एकच माणूस होता. जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

पण दोन क्वार्टर शेजारी शेजारी ठेवा, एक २०२१ चं आणि एक २०२२ चं. पहिल्यावरचे वॉशिंग्टन डावीकडे बघतायत आणि दुसऱ्यावरचे उजवीकडे. अनेकांच्या हे लक्षातही येत नाही. ज्यांच्या लक्षात येतं त्यांना वाटतं, सरकारने नवीन डिझाईन काढलं असेल.

खरं तर ते नवीन नाही. ते १९३१-३२ मधलं डिझाईन आहे. ज्या बाईंनी ते घडवलं त्यांचं निधन १९६६ सालीच झालं. तज्ज्ञांच्या समितीने हे डिझाईन सर्वोत्तम ठरवलं होतं, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा. तरीही ते नाकारलं गेलं आणि त्याला लोकांच्या खिशात यायला २०२२ साल उजाडावं लागलं.

त्या बाईंचं नाव लॉरा गार्डिन फ्रेझर.

मातीत हात घालणारी मुलगी

लॉरा गार्डिनचा जन्म १८८९ चा, शिकागोचा. आई अ‍ॅलिस यांना कलेची आवड होती. मुलीचा ओढा मातीकामाकडे आहे हे त्यांनी लवकर ओळखलं आणि तिला अडवलं नाही. त्या काळात मुलींनी चित्रं काढली तर घरात कौतुक व्हायचं, पण शिल्पकला म्हणजे माती, प्लास्टर, छिन्नी, हातोडा आणि मोठाले साचे. ते पुरुषांचं काम समजलं जायचं.

लॉराला आणखी एक नाद होता, घोड्यांचा. घोड्याची मान कशी वळते, पळताना कोणता स्नायू ताणला जातो, हे ती बारकाईने बघायची. पुढे आयुष्यभर हे निरीक्षण तिच्या कामाला आलं.

१९०७ च्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये दाखल झाली. ही संस्था तेव्हा तरुण कलाकारांचं मोठं केंद्र होती. तिथे शिल्पकला शिकवायला होते जेम्स अर्ल फ्रेझर, लॉरापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. डाकोटाच्या माळरानावर बालपण गेलेले आणि अमेरिकेतले नामांकित शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या हाताखाली तयार झालेले.

लॉरा तिथे नुसती शिकली नाही. काही काळ तिने तिथे शिकवण्याचं कामही केलं. पुढे शिक्षक आणि विद्यार्थिनी यांचं जमलं आणि १९१३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

योगायोग बघा. त्याच १९१३ मध्ये जेम्स फ्रेझर यांनी केलेलं पाच सेंट्सचं नाणं बाजारात आलं. एका बाजूला रेड इंडियन माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गवा. बफेलो निकेल म्हणून ते इतकं गाजलं की आजही नाणी गोळा करणाऱ्यांचं ते लाडकं आहे. म्हणजे घरात एक नाणं आधीच येऊन बसलं होतं.

नवऱ्याच्या सावलीत राहायचं नव्हतं

प्रसिद्ध माणसाशी लग्न झालं की बाईच्या कामाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. हे नवऱ्यानेच करून दिलं असेल, ही शंका कायम असते. लॉरा फ्रेझर यांनी त्यावर वाद घातला नाही, काम केलं.

त्यांनी पदकं घडवायला सुरुवात केली. पदक किंवा नाण्याचं काम दिसतं तितकं सोपं नाही. शिल्पकार आधी ताटाएवढा मोठा नमुना मातीत आणि मग प्लास्टरमध्ये बनवतो. यंत्राच्या मदतीने तो नमुना लहान करत करत पोलादी साच्यावर उतरवला जातो. मोठ्या नमुन्यात सुंदर दिसणारी रेघ नाण्यावर आल्यावर गायब होऊ शकते. उठाव जास्त ठेवला तर एका ठोक्यात छाप नीट उमटत नाही, कमी ठेवला तर चेहरा सपाट दिसतो. बोटाच्या पेराएवढ्या जागेत माणूस जिवंत दिसला पाहिजे आणि लाखो नाणी पाडून झाली तरी साचा टिकला पाहिजे. कला आणि यंत्र दोन्ही कळणाऱ्यालाच हे जमतं.

लॉरा यांना ते जमलं.

१९२१, अमेरिकेच्या नाण्यावर पहिल्यांदा एका बाईचं काम

अलाबामा राज्याला १९१९ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली होती. त्या निमित्ताने अर्ध्या डॉलरचं खास नाणं काढायचं ठरलं आणि त्याचं काम लॉरा फ्रेझर यांच्याकडे आलं.

१९२१ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग बर्मिंगहॅम शहरात आले असताना हे नाणं विक्रीला आलं. अमेरिकेच्या सरकारी नाण्याचं डिझाईन एका बाईने करण्याची ही पहिलीच वेळ होती.

या नाण्याने आणखी एक पायंडा पाडला. त्यावर दोन चेहरे होते. एक अलाबामाचे पहिले गव्हर्नर विल्यम बिब आणि दुसरे तेव्हा खुर्चीवर असलेले गव्हर्नर थॉमस किल्बी. जिवंत माणसाचा चेहरा अमेरिकेच्या नाण्यावर येण्याची ही पहिली वेळ मानली जाते.

नाणी गोळा करणाऱ्यांसाठी इथे एक गंमत आहे. यातल्या सुमारे सहा हजार नाण्यांवर दोनचा आकडा, मध्ये फुली आणि पुन्हा दोनचा आकडा अशी बारीक खूण होती. अलाबामा हे बाविसावं राज्य म्हणून ती खूण. बाकीच्या नाण्यांवर ती नाही. नाणं तेच, चांदी तेवढीच, पण खूण असलेलं नाणं कमी म्हणून त्याला भाव जास्त. एका छोट्या खुणेने नाण्याची किंमत कशी बदलते, त्याचं हे चांगलं उदाहरण.

१९२२ मध्ये पुन्हा तेच घडलं. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या जन्मशताब्दीला लॉरा यांनी अर्ध्या डॉलरचं चांदीचं आणि एका डॉलरचं सोन्याचं अशी दोन नाणी केली. दोन्हींच्या काही नाण्यांवर एक छोटा तारा होता, काहींवर नव्हता. तारा असलेला चांदीचा अर्धा डॉलर फारच थोडा पाडला गेला होता, त्यामुळे त्याचा भाव वर गेला. मग काही उद्योगी लोकांनी साध्या नाण्यांवर स्वतःच तारा ठोकून ती विकायला सुरुवात केली. खोट्या नाण्यांचा धंदा आजचा नाही, तो असा जुना आहे.

१९२५ मध्ये फोर्ट व्हँकुव्हरच्या शताब्दीचं नाणं आलं. त्याचं काम आधी दुसऱ्या कलाकाराकडे होतं, पण त्याचे नमुने नापसंत झाले आणि वेळ कमी उरला. ऐन वेळी लॉरा यांना बोलावण्यात आलं आणि त्यांनी ते पूर्ण केलं. ही नाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडली गेली आणि विमानाने पोहोचवली गेली. त्या काळात विमानाने नाणी पाठवणं हीच मोठी बातमी होती.

१९२६ मध्ये नवरा-बायकोने मिळून एक नाणं केलं, ओरेगन ट्रेल स्मारक अर्धा डॉलर. एक बाजू जेम्स यांची, बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेल्या लोकांची. दुसरी लॉरा यांची, अमेरिकेच्या नकाशासमोर उभ्या असलेल्या मूळ रहिवाशाची. अमेरिकेतल्या सर्वात देखण्या नाण्यांत त्याची गणना होते.

पण या नाण्याचा पुढचा प्रवास तितका देखणा नाही. विक्रेत्यांनी तेच डिझाईन वेगवेगळ्या सालांचं, वेगवेगळ्या टांकसाळींतून पुन्हा पुन्हा काढायला लावलं. संच पूर्ण करायचा म्हणून संग्राहक विकत घेत राहिले. १९३९ पर्यंत हे चाललं. शेवटी लोक वैतागले आणि काँग्रेसने असल्या नाण्यांना चाप लावला. डिझाईन करणाऱ्यांचा यात दोष नव्हता, पण संग्राहकाच्या हौसेवर धंदा कसा होतो याचा धडा मात्र मिळाला.

तोपर्यंत लॉरा फ्रेझर हे नाव मोठं झालं होतं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा पदककलेसाठीचा सॉल्टस पुरस्कार त्यांना मिळाला. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग यांना काँग्रेसने जे खास पदक दिलं, तेही लॉरा यांनीच घडवलं.

आणि मग आलं वॉशिंग्टनचं नाणं

१९३२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षं होणार होती. देशभर मोठा सोहळा ठरला. त्यासाठी एक पदक काढायचं आणि एक नाणंही. वॉशिंग्टन यांचा चेहरा कसा असावा यावर वाद नको म्हणून एक अट घातली गेली. फ्रेंच शिल्पकार उदाँ यांनी १७८५ मध्ये वॉशिंग्टन यांच्या घरी जाऊन त्यांना प्रत्यक्ष बघून जो पुतळा घडवला होता, तोच आधार धरायचा.

पदकाची स्पर्धा लॉरा फ्रेझर यांनी जिंकली. सुरुवातीचा विचार असा होता की ज्याचं पदक त्याचंच नाणं. म्हणजे नाणंही लॉरा यांचंच व्हायला हवं होतं.

पण मध्येच बेत बदलला. अर्ध्या डॉलरच्या खास नाण्याऐवजी रोजच्या वापरातलं क्वार्टर बदलायचं ठरलं. तेव्हाच्या क्वार्टरवर उभी असलेली स्वातंत्र्यदेवता होती आणि ते १९१६ पासूनचं होतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार नाण्याचं डिझाईन २५ वर्षांच्या आत बदलायचं तर काँग्रेसची परवानगी लागते. ती ४ मार्च १९३१ ला मिळाली.

आता अर्थखात्याने नवीन स्पर्धा घेतली. शंभरच्या आसपास नमुने आले. ते बघायला होती कमिशन ऑफ फाइन आर्ट्स. सरकारच्या इमारती, पुतळे, नाणी यांच्या कलात्मक बाजूवर सल्ला देणारी ही समिती. तिचे अध्यक्ष होते चार्ल्स मूर.

समितीने नमुने बघितले आणि पुन्हा एकच नाव पुढे आलं, लॉरा फ्रेझर.

त्यांच्या नाण्यावर वॉशिंग्टन उजवीकडे बघतात. जबडा ठाम, मान ताठ, केस मागे बांधलेले. चेहऱ्यात नेत्याचा करारीपणा आहे. समितीला हेच आवडलं होतं.

शेवटचा शब्द मंत्र्यांचा

मात्र समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं होतं. निर्णय होता अर्थमंत्र्यांच्या हातात. अर्थमंत्री होते अँड्र्यू मेलन.

मेलन म्हणजे साधी आसामी नव्हती. अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक. लागोपाठ तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळात अर्थमंत्री. कलेतलं काही कळत नाही असंही नाही. त्यांच्या चित्रसंग्रहातूनच पुढे वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट उभी राहिली.

मेलन यांनी समितीचा सल्ला बाजूला ठेवला आणि जॉन फ्लॅनगन यांचा नमुना निवडला. फ्लॅनगन हेही अनुभवी शिल्पकार, तेही सेंट-गॉडन्स यांच्याच तालमीतले. त्यांचे वॉशिंग्टन डावीकडे बघणारे, शांत आणि नीटनेटके.

समिती गप्प बसली नाही. लॉरा यांचंच डिझाईन सरस आहे, असं त्यांनी पुन्हा कळवलं. तेवढ्यात फेब्रुवारी १९३२ मध्ये मेलन यांनी पद सोडलं, त्यांना ब्रिटनमध्ये राजदूत म्हणून पाठवण्यात आलं. त्यांच्या जागी आले ऑग्डन मिल्स. माणूस बदलला म्हटल्यावर समितीला आशा वाटली आणि तिने नव्या मंत्र्यांकडे तोच आग्रह धरला. पण मिल्स यांनीही आधीचाच निर्णय कायम ठेवला.

१ ऑगस्ट १९३२ ला फ्लॅनगन यांचं क्वार्टर लोकांच्या हातात आलं. लॉरा यांच्या वाट्याला आलं ते पदक. नाणं हुकलं.

बाई होत्या म्हणून डावललं का?

नाण्यांवरच्या लेखनात ही गोष्ट अनेकदा अशी सांगितली जाते की मेलन यांना डिझाईन बाईचं आहे हे कळलं आणि म्हणून त्यांनी ते नाकारलं. वाचायला हे पटतं, कारण तो काळ तसाच होता. अमेरिकेत सगळीकडे बायकांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती.

पण याचा ठोस पुरावा समोर आलेला नाही. उलट एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अलाबामा, ग्रँट, फोर्ट व्हँकुव्हर आणि ओरेगन ट्रेल ही लॉरा यांची सगळी नाणी मेलन अर्थमंत्री असतानाच निघाली होती.

अर्थात ती खास प्रसंगाची नाणी होती. संग्राहक घ्यायचे आणि डबीत ठेवायचे. क्वार्टरची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक दुकानात, प्रत्येक गल्ल्यात, प्रत्येकाच्या खिशात जाणार होतं. तिथे काय झालं, मंत्र्यांच्या मनात काय होतं, हे खात्रीने सांगता येत नाही. पण कलेची जाण असलेल्या समितीने वारंवार दिलेला कौल खुर्चीवरच्या माणसांनी मानला नाही, एवढं मात्र कागदोपत्री खरं आहे.

गंमत म्हणजे, नावडतं नाणं महाग झालं

ज्या नाण्यावरून एवढं रामायण झालं, ते १९३२ चं क्वार्टर आज संग्राहकांना हवंहवंसं आहे. त्याचं कारण मात्र डिझाईन नाही.

तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. व्यवहार थंडावले होते आणि नवीन नाण्यांना मागणीच नव्हती. १९३१ मध्ये तर क्वार्टर पाडलंच गेलं नाही. १९३२ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ५४ लाखांच्या वर नाणी निघाली, पण डेन्व्हरमध्ये निघाली फक्त ४ लाख ३६ हजार ८०० आणि सॅन फ्रान्सिस्कोत ४ लाख ८ हजार. १९३३ मध्ये पुन्हा एकही नाही.

त्यामुळे नाण्याच्या मागच्या बाजूला, गरुडाच्या खाली, 'डी' किंवा 'एस' अक्षर असलेलं १९३२ चं क्वार्टर झिजलेलं असलं तरी त्याला दर्शनी किमतीच्या शेकडो पट भाव मिळतो. आणि म्हणूनच साध्या नाण्यावर 'डी' किंवा 'एस' चिकटवलेली बनावट नाणीही बाजारात भरपूर आहेत.

लॉरा थांबल्या नाहीत

नाणं गेलं म्हणून लॉरा यांनी काम सोडलं नाही. १९३६ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या एका मोठ्या स्मारकाची स्पर्धा त्यांनी जिंकली. रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन हे यादवी युद्धातले दक्षिणेकडचे दोन सेनापती, दोघेही घोड्यावर, एकाच चौथऱ्यावर. लहानपणापासूनचं घोड्यांचं निरीक्षण इथे कामी आलं. १९४८ मध्ये पुतळ्याचं अनावरण झालं.

या पुतळ्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. हे सेनापती गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांच्या बाजूने लढले होते. अशा पुतळ्यांविरुद्ध अमेरिकेत मोठं आंदोलन उभं राहिलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये बाल्टिमोर महापालिकेने तो एका रात्रीत हलवला. लॉरा यांच्या कारागिरीबद्दल शंका नव्हती. प्रश्न होता तो पुतळा कुणाचा आणि कशासाठी उभा केला याचा.

१९५३ मध्ये जेम्स फ्रेझर गेले. चाळीस वर्षांचा संसार आणि कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट इथली दोघांची कार्यशाळा. त्यानंतरही लॉरा काम करत राहिल्या. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीसाठी त्यांनी अमेरिकेचा इतिहास सांगणारी ब्राँझची भलीमोठी उठावशिल्पं घडवली. नाण्याच्या इवल्याशा जागेत आयुष्य घालवलेल्या बाईने म्हातारपणी भिंतीएवढं काम हाती घेतलं.

१९६६ मध्ये त्यांचं निधन झालं, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. तोवर फ्लॅनगन यांचं क्वार्टर अमेरिकेच्या अंगवळणी पडलं होतं. नाण्यातली चांदीसुद्धा १९६५ पासून काढून टाकली होती. वॉशिंग्टन मात्र डावीकडेच बघत होते.

आधी सोन्यावर, मग सगळ्यांच्या खिशात

लॉरा यांचं डिझाईन संग्राहक विसरले नव्हते. १९९९ मध्ये वॉशिंग्टन यांच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेच्या टांकसाळीने पाच डॉलरचं सोन्याचं स्मरणनाणं काढलं आणि त्यासाठी लॉरा यांचंच जुनं डिझाईन वापरलं. चूक अर्धी दुरुस्त झाली. अर्धी अशासाठी, की ते नाणं विकत घेणाऱ्यांच्या कपाटात गेलं, दुकानाच्या गल्ल्यात नाही.

उरलेली अर्धी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. अमेरिकेने एक नवीन कायदा केला होता. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत क्वार्टरच्या मागच्या बाजूला दरवर्षी पाच, अशा एकूण वीस कर्तबगार बायकांना जागा द्यायची. वॉशिंग्टन यांची बाजूही आधीपेक्षा वेगळी हवी होती. ती निवडताना लॉरा फ्रेझर यांचं डिझाईन घेण्यात आलं.

हा बदल जाहीर झाला तेव्हा अर्थमंत्री होत्या जॅनेट येलेन, त्या पदावर बसलेल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला.

जानेवारी २०२२ मध्ये मालिकेतलं पहिलं नाणं चलनात आलं. मागे लेखिका माया अँजेलो आणि पुढे लॉरा यांचे उजवीकडे बघणारे वॉशिंग्टन. त्या वर्षी अंतराळवीर सॅली राइड, चेरोकी समाजाच्या प्रमुख विल्मा मॅनकिलर, मताधिकारासाठी लढलेल्या निना ओटेरो-वॉरेन आणि अभिनेत्री अ‍ॅना मे वाँग यांचीही नाणी निघाली. बायकांच्या कर्तृत्वाच्या मालिकेतल्या वीसच्या वीस नाण्यांच्या दुसऱ्या बाजूला एका बाईचीच कला आली, आणि तीही डावललेली.

मग ही नाणी लाखोंची आहेत का?

आता मुद्द्याचा प्रश्न. ज्यांच्याकडे अमेरिकेची नाणी आहेत, त्यांनी रील बघितलेच असतील. हे क्वार्टर असेल तर तुम्ही करोडपती, वगैरे. तर थोडं वास्तव समजून घेऊ.

२०२२ ते २०२५ ची ही क्वार्टर कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली. वापरलेलं नाणं असेल तर त्याची किंमत २५ सेंट्सच. गोष्ट कितीही मोठी असली तरी भाव ठरतो तो नाणी किती आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि ती किती जणांना हवी आहेत यावर.

मग बघायचं काय?

पहिलं, साल. १९६४ किंवा त्याआधीचं क्वार्टर ९० टक्के चांदीचं असतं. वजन ६.२५ ग्रॅम, म्हणजे त्यात साडेपाच ग्रॅमहून थोडी जास्त चांदी. नाण्याची कड बघा. १९६५ नंतरच्या नेहमीच्या नाण्यांत आतला तांब्याचा थर दिसतो, चांदीच्या नाण्यात तो दिसत नाही. असं नाणं झिजलेलं असलं तरी चांदीच्या भावाने त्याची किंमत निघते.

दुसरं, मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीचं अक्षर. 'पी' फिलाडेल्फिया, 'डी' डेन्व्हर, 'एस' सॅन फ्रान्सिस्को. २०१९ आणि २०२० मध्ये एक वेगळी गोष्ट झाली. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत 'डब्ल्यू' अक्षर असलेली क्वार्टर पाडून ती चलनात सोडली गेली, प्रत्येक डिझाईनची फक्त वीस लाख. अमेरिकेच्या मानाने हे फार कमी. अशी नाणी आजही कुणाच्या तरी सुट्ट्या पैशांत असू शकतात आणि त्यांना दर्शनी किमतीपेक्षा चांगला भाव मिळतो.

तिसरं, टांकसाळीची चूक. २००४ च्या विस्कॉन्सिन राज्याच्या काही क्वार्टरवर मक्याच्या कणसाला एक जास्तीचं पान दिसतं. २००५ च्या मिनेसोटाच्या काही नाण्यांवर जास्तीचं झाड दिसतं. या प्रसिद्ध चुका आहेत आणि त्यांना ठरलेला बाजार आहे. पण ओरखडा, डाग किंवा ठोकर म्हणजे चूक नव्हे. ते फक्त खराब झालेलं नाणं.

चौथं, अवस्था. जाणकार नाण्याला १ ते ७० अशा मोजपट्टीवर गुण देतात. ७० म्हणजे मोठं करून बघितलं तरी दोष दिसणार नाही असं नाणं. पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या नाणी तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. महाग नाणं घ्यायचं तर असं तपासलेलं घेतलेलं बरं. पण तपासणीला पैसे लागतात, त्यामुळे साधं २०२२ चं क्वार्टर पाठवलं तर बहुतेक वेळा खर्चच जास्त होतो.

आणि पाचवं, सर्वात महत्त्वाचं. जुनं नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नको. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी लखलखीत केली की घर सजतं, पण नाणं घासलं की त्यावरचा मूळ पोत जातो आणि संग्राहकाच्या नजरेत त्याची किंमत लगेच उतरते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी येताना आणलेली सुट्टी नाणी आपल्याकडे बऱ्याच घरांत एखाद्या डबीत पडून असतात. त्यात उजवीकडे बघणारे वॉशिंग्टन सापडले तर त्याचे पैसे फार येणार नाहीत. पण चांगल्या कामाला नाही म्हणायचा अधिकार खुर्चीला असतो आणि ती खुर्ची कायम एकाच माणसाची राहत नाही, हे सांगायला ते पंचवीस सेंट्स पुरेसे आहेत.